मागच्या भिंतीपलीकडे नॅशनल पार्क, सोसायटीने पिंजरा + फ्लडलाइट + वृक्षारोपण ठरवलंय. मीटिंगमध्ये काय बोलू?

स्नेहा_मुलुंड

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

आम्ही मुलुंडला राहतो. सोसायटीची मागची भिंत, मग एक नाला आणि नाल्यापलीकडे संजय गांधी नॅशनल पार्कची हद्द. मागच्या मंगळवारी रात्री ३ वाजून १० मिनिटांनी बिबट्या आत आला. सीसीटीव्हीत सगळं आहे, पार्किंगच्या कोपऱ्यात कचऱ्याचे निळे ड्रम आहेत तिथे तो थांबला, एका ड्रमच्या मागे डोकं घातलं, मग खाली बसून निवांत शेपटी हलवत राहिला आणि साधारण चार मिनिटांनी जिथे भिंत खचलीय तिथून परत गेला. कुत्रं नाही नेलं, काही नाही. पण सकाळी ती क्लिप ग्रुपवर आली आणि तेव्हापासून कुणाला दुसरा विषयच नाहीये.

रविवारी मीटिंग आहे. कमिटीने तीन गोष्टी जवळजवळ ठरवूनच टाकल्यात. एक, वनखात्याला पत्र देऊन पिंजरा लावायला सांगायचं आणि "त्याला दूर जंगलात सोडा" म्हणायचं. दोन, मागच्या भिंतीवर सहा मोठे फ्लडलाइट, तोंड जंगलाकडे, रात्रभर चालू. तीन, नाल्यापलीकडे जो उघडा उतार आहे तिथे जुलैमध्ये ५०० झाडं लावायची, कुणाच्या तरी कंपनीचे सीएसआरचे (समाजकामासाठी बाजूला काढलेले) पैसे मिळतायत. त्यांचं म्हणणं, झाडं वाढली की प्राण्यांना जंगलातच जागा मिळेल, मग ते बाहेर येणार नाहीत.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे, त्यामुळे भीती मलाही वाटते, लोकांना मूर्ख म्हणायला मी इथे आले नाहीये. पण तो उतार मी आठ वर्षं खिडकीतून बघतेय. पावसाळ्यात तिथे गवत माझ्या कमरेएवढं होतं, ऑगस्टनंतर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे येतात आणि नाल्यावर वाकलेल्या झाडाला सुगरणीची घरटी लटकतात. सुगरण गवताच्या पात्याला बुडाशी चोच मारते आणि पुढे उडत त्याची लांब पट्टी सोलून काढते, हे मुलीने मला दाखवलं होतं, मी लक्षच दिलं नव्हतं कधी. तर तिथे खड्डे खणून झाडं लावणं बरोबर आहे का? आणि बाकीच्या दोन गोष्टींबद्दल काय बोलावं, जे ऐकून लोक चिडणार नाहीत?

पहाटफेरी

ताई, आधी एक सांगतो, चार मिनिटं बसून परत गेला हे चांगलं लक्षण आहे. तो हद्द फिरतोय. बिबट्या दिसणं आणि बिबट्याने हल्ला करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मीटिंगमध्ये पहिल्यांदा हेच वेगळं करून सांगा.

पिंजऱ्याचं. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्यूल १ मधला प्राणी, त्याला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि नुसता दिसला म्हणून ती मिळत नाही, मिळूही नये. कारण अनुभव वाईट आहे. जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे धरून दुसऱ्या जंगलात सोडायचा सपाटा लागला होता, त्याचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे ते १७ वर गेले. आपल्याकडेही त्या काळात बाहेर पकडलेले बिबटे या पार्कात आणून सोडले जायचे, आणि २००४ चा जून महिना मुंबईतल्या जुन्या लोकांना आठवत असेल, लागोपाठ माणसं गेली होती.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे समजावता येईल. प्रत्येक मोठ्या नराची, मादीची ठरलेली जागा असते, कुठला रस्ता रात्री किती वाजता शांत होतो, कुठे माणूस असतो, कुठे कुत्री असतात हे त्याला वर्षानुवर्षं पाठ असतं. त्याला उचललात की ती जागा रिकामी होते आणि महिन्या-दोन महिन्यांत दुसरा येतो, बहुतेक वेळा वयात आलेलं, जागा शोधत फिरणारं तरुण जनावर, ज्याला तुमच्या सोसायटीतलं काहीच माहीत नसतं. आणि ज्याला उचललं तो अनोळखी मुलखात उपाशी, पिंजऱ्यात दात-नखं मोडून घेतलेला असा फिरतो. एका प्रश्नाचे दोन होतात.

आणि "दूर सोडा" म्हणणाऱ्यांना आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट सांगा. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर बाहेर काढला, कुठे जातो ते कळावं म्हणून गळ्यात कॉलर लावून माळशेज घाटात सोडला. तो तिथून निघाला आणि महिन्याभरात साधारण १२० किलोमीटर चालत आपल्या पार्कच्या उत्तरेकडच्या नागला ब्लॉकमध्ये येऊन पोचला. शेतं, रेल्वे, वस्त्या, सगळं ओलांडून, वाटेत कुणाला हातही न लावता. २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली मेला.

मी गेली काही वर्षं कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) कामात स्वयंसेवक म्हणून जातो. पायवाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे, गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे जनावराच्या दोन्ही कुशी मिळतात, कारण अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात आणि डावी-उजवी बाजूही वेगळी असते. असंच मोजून २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबटे मिळाले होते, पार्क आणि आजूबाजूचा भाग धरून. पार्क स्वतः साधारण १०४ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत एवढे बिबटे कसे, तर त्यांना खायला मिळतं म्हणून.

तुमच्या बाजूच्या हद्दीवरचं एक कार्ड मी स्वतः उघडलंय ते सांगतो. एका रात्रीचे फोटो. संध्याकाळी ७ पासून १२ पर्यंत नुसतं वाऱ्याने हललेलं गवत, मग एक साळिंदर, मग पाच कुत्री ओळीने, त्यातल्या एकाच्या तोंडात हॉटेलच्या पार्सलची चांदीची पिशवी, आणि त्यांच्यानंतर ११ मिनिटांनी मादी बिबट्या, नाक जमिनीला लावून, बरोब्बर कुत्र्यांच्या मागावर. मला तेव्हा जे कळलं ते कुठल्या भाषणातून कळलं नव्हतं. २०१८ मध्ये एका अभ्यासात अंदाज होता की या पार्कातल्या बिबट्यांच्या खाण्यात जवळपास ४० टक्के कुत्री आहेत. म्हणजे तुमच्या निळ्या ड्रमवर कुत्री जगतात आणि कुत्र्यांवर बिबट्या येतो. बोलवायचं नसेल तर ड्रम बंद करा. झाकणाचे, उलटले तरी न उघडणारे, आणि ओला कचरा रात्री बाहेर ठेवायचाच नाही, सकाळी गाडी यायच्या आधी आणायचा. खचलेली भिंत बांधून घ्या. एवढ्याने निम्मं काम होतं.

शंतनू_बी

माफ करा पण हे नेहमी असंच बोललं जातं, की चूक माणसाची, जुळवून माणसाने घ्यायचं. २०२१ ला आरेमध्ये एकामागून एक हल्ले झाले, २०२२ च्या दिवाळीत तिथे एक दीड वर्षाची मुलगी गेली. तिच्या आईबापांना ठिपके मोजून दाखवणार का? मी पण हद्दीजवळच राहतो, दोन मुलं आहेत, संध्याकाळी खाली खेळायला पाठवताना पोटात गोळा येतो. मला जंगल नको असं नाही. पण माझ्या मुलाची किंमत देऊन नको.

पहाटफेरी

शंतनू, तुमचं बरोबर आहे आणि याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. ती मुलगी गेली ते मी विसरलेलो नाही, आमच्या गटातले लोक त्या दिवसांत रात्र-रात्र तिथे गस्त घालत होते. आणि हल्ले करणारं जनावर ओळखून पकडलंच पाहिजे, त्या वेळी आरेत पिंजरे लावले होते आणि ते बरोबरच होतं. मी फक्त एवढंच म्हणतोय की जो हल्ला करत नाही त्याला पकडलं तर तुमचा मुलगा जास्त सुरक्षित होत नाही, कमी होतो. माझ्या पोरांसाठी मी काय केलं असतं, तर अंधार पडल्यावर लहान मूल एकटं नाही, अगदी दोन मिनिटांसाठी पण नाही, आणि खाली बसून खेळणाऱ्या मुलांच्या मागे झाडी नको, कारण बसलेलं किंवा वाकलेलं लहान मूल बिबट्याला लांबून छोट्या जनावरासारखं दिसतं. बिबट्या समोर आलाच तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, मुलाला उचलून घ्यायचं आणि मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकायचं. अडचणीत वनखात्याचा १९२६ नंबर आहे, तो वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावा.

काटेसावर

मी वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे तिसऱ्या मुद्द्यावरच बोलते, आणि जरा तळमळीने बोलते कारण दर जुलैला हेच बघून जीव तुटतो.

स्नेहा, तो उतार रिकामा नाहीये! उघडी जागा दिसली की ओसाड वाटायची आपल्याला सवय लागलीय. इथली खडकाळ, पातळ मातीची जमीन आहे, तिच्यावर गवत हेच तिथलं रान आहे. पहिल्या पावसानंतर तिथे सफेद मुसळी वर येते, कळलावी येते, मग तेरडा, कुर्डू, आणि मग गवताला तुरे. हे सगळं उन्हाळाभर जमिनीखाली कंद आणि बी होऊन पडलेलं असतं, आत्ता तुम्ही गेलात तर वाळलेल्या काड्यांशिवाय काही दिसणार नाही आणि म्हणूनच सीएसआरवाल्यांना ती जागा रिकामी वाटते. त्या गवतात टोळ, नाकतोडे, त्यांच्यावर सरडे, पक्षी, उंदीर, उंदरांवर साप आणि घुबडं. चितळ आणि भेकर कोवळं गवत खायला अशाच उघड्या जागी कडेला येतात. बिबट्याने कुत्री सोडून हरणं खावीत असं वाटत असेल तर हरणांचं ताट का उपडं करायचं?

५०० खड्डे म्हणजे त्या पातळ मातीत ५०० जखमा, पहिल्या मोठ्या पावसात तिथून माती नाल्यात. आणि लावणार काय? नर्सरीत जे पटकन वाढतं ते, म्हणजे गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ, नाहीतर गुलमोहर. गिरिपुष्प एकदा बसलं की त्याच्या दाट सावलीत खाली गवत उरत नाही, मुंबईच्या आसपासच्या किती टेकड्या अशा झाल्यात बघा, लांबून हिरव्यागार आणि आत शिरलं तर शुकशुकाट. शिवाय ती जागा पार्कच्या हद्दीत असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे एक रोप लावणं पण चालत नाही, हे कमिटीला आधी विचारा, बहुतेक तिथेच विषय थांबेल.

जंगलाला तिथलंच झाड लागतं आणि त्याला वेळ द्यावा लागतो. पार्कात कारवी आहे, सात-आठ वर्षं नुसती हिरवी उभी राहते आणि मग एका पावसाळ्यात सगळा डोंगर जांभळा करते, बी टाकते आणि मरते. २०१६ ला मी वर्गाला घेऊन गेले होते, मधमाश्यांचा आवाज एवढा होता की मुलांशी ओरडून बोलावं लागत होतं. पुढच्या वर्षी तिथे नुसत्या वाळक्या काठ्या होत्या आणि एक जण म्हणाला, मॅडम हे मेलेलं साफ करून झाडं लावायला पाहिजेत. त्या काठ्यांखाली बोटभर रोपं उगवलेली मी त्याला वाकून दाखवली. साफसफाईची ही ओढ फार घातक आहे. वठलेलं झाड उभं असेल तर उभं राहू द्या, तांबट आणि सुतार त्यात भोकं करतात, पडलेला पाचोळा उचलून जाळू नका, तीच पुढची माती.

हात शिवशिवतच असतील लोकांचे, आणि असतात, त्यांना चांगलं काहीतरी करायचं असतं हे मला मान्य आहे, तर दोन कामं आहेत. एक म्हणजे घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली तणं उपटणं, पाऊस सुरू झाल्यावर माती ओली असताना, फुलायच्या आधी, मुळासकट, वनरक्षकाला बरोबर घेऊन. दुसरं, उन्हाळ्यात वणवा. सोसायटीच्या बाजूने फेकलेली सिगरेट किंवा जाळलेला कचरा यातून लागलेली आग वरपर्यंत जाते. वनखातं फेब्रुवारीच्या आसपास जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढतं त्याला माणसं हवी असतात. ५०० रोपांच्या पैशांत हे कित्येक वर्षं चालेल. आणि झाडं लावायचीच तर सोसायटीच्या आत लावा, पार्किंगच्या कडेला उंबर, पांगारा, बहावा, ती तिथे हवीच आहेत.

पाड्यावरचा

मी पार्कातल्या एका पाड्यात राहतो, नाव नको. वारली आहोत आम्ही.

आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो. वाघोबाची पूजा करतो, माझ्या आजोबाच्या आजोबापासून. पूजा करतो म्हणून तो आम्हाला काही करत नाही असं नाही, आम्ही त्याची जागा त्याला देतो आणि आमची आम्ही सांभाळतो. तिन्हीसांजेला पोरं आत. कोंबड्या बंद. रात्री बाहेर जायचं तर दोघं, हातात बॅटरी, बोलत जायचं, आता पोरं मोबाईलवर गाणी लावून जातात. वाट ठरलेली असते, त्याची पण ठरलेली असते.

मला लाइटबद्दल बोलायचंय. समोरच्या डोंगराखाली टॉवर झाले त्यांनी जंगलाकडे तोंड करून लाइट लावलेत. आमच्या अंगणात रात्री सावली पडते आता, चंद्र नसताना. पाऊस सुरू व्हायच्या आधी समोरच्या ओढ्याला काजवे असायचे, अख्खं झाड एकदम पेटायचं एकदम विझायचं, माझी आई आम्हाला उठवून दाखवायची. लाइट लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी कमी झाले, आता त्या ओढ्याला नाहीत. आत मागच्या बाजूला आहेत अजून. माझ्या मुलाला दाखवायला मी त्याला खांद्यावर घेऊन पाऊण तास चालत नेतो.

आणि लाइटने वाघ थांबत नाही. तो लाइटच्या कडेने येतो जिथे अंधार सुरू होतो. तुम्हाला उजेडातून अंधारात काही दिसत नाही, त्याला तुम्ही पूर्ण दिसता.

अजून एक. जंगल वाचवायचं म्हटलं की आम्हाला काढायची भाषा होते. कोर्टाच्या ऑर्डरनंतर अतिक्रमणं काढली तेव्हा आमचे पाडे पण त्याच यादीत धरले होते. टॉवरची भिंत आणि आमचं कुडाचं घर हे एकच नाही. ताई तुम्ही मीटिंगमध्ये हे पण बोला जमलं तर.

उदमांजर

पाड्यावरचा दादा, मनापासून आभार, काजव्यांचं वाचून थांबलो दोन मिनिटं.

स्नेहा, लाइट हवाच असेल लोकांना, तर तो आत लावायला सांगा, तोंड खाली, टोपीवाला, पिवळसर उजेडाचा, सेन्सरवर. कुणी चाललं की लागेल, नाहीतर बंद. वॉचमनला पण त्यातून कळतं की मागे काहीतरी हललं, रात्रभर जळणाऱ्या लाइटमधून काहीच कळत नाही. वीजबिलाचा हिशोब मांडा, कमिटीला तो मुद्दा लगेच समजतो.

बाकी मला एवढंच जोडायचंय की तुमची भिंत छोटी गोष्ट वाटते पण या पार्कला चारी बाजूंनी अशाच भिंती आहेत. उत्तरेला घोडबंदर रस्ता मध्ये येतो, मग खाडी, त्यापलीकडे नागला ब्लॉक आणि पुढे तुंगारेश्वरचं अभयारण्य. तीच काय ती बाहेर जायची वाट. दक्षिणेला आरे, जिथे २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाची स्थगिती येईपर्यंत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं दोन दिवसांत तोडून झाली होती. पूर्वेला तुम्ही. पार्कच्या पोटात विहार आणि तुळशी तलाव आहेत, १८६० आणि १८७९ पासून मुंबईला पाणी देतायत, आणि त्यांचं पाणलोट हे रानच आहे. २०१६ मध्ये पार्कभोवती इको सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला, म्हणजे हद्दीच्या बाहेरची पट्टी पण जंगलाच्या हिशोबात धरायची असं सरकारनेच मान्य केलं. तुमची सोसायटी त्यात येते का ते नक्की बघून घ्या, येत असेल तर प्रखर दिवे हा नुसता आवडीनिवडीचा विषय राहत नाही, पत्रात तसा उल्लेख करा.

शंतनू_बी

पिंजऱ्याचं मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण ड्रमचं पटलं. आमच्याकडेपण उघडेच आहेत, आणि रात्री दोन आजी कुत्र्यांना भात घालतात तेही बरोबर भिंतीलगतच. त्यांना थांबवता येणार नाही, पण जागा बदलून मेन गेटकडे घ्यायला सांगतो. कुत्र्यांची नसबंदी महापालिकेकडून करून घेता येते ना, त्याचा अर्ज कुणी केलाय का आधी?

पहाटफेरी

शंतनू, केलाय, वॉर्ड ऑफिसला लेखी द्या आणि पाठपुरावा करा, लसीकरणाचं पण त्याच पत्रात लिहा. भात सकाळी घालायला सांगा, आणि उरलेलं उचलायचं.

स्नेहा_मुलुंड

मीटिंग झाली, अडीच तास. सगळं सांगत नाही.

पिंजऱ्याचं पत्र थांबलं. त्याऐवजी वनखात्याला "या आणि आमच्या लोकांशी बोला" असं पत्र गेलंय, आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेब गुरुवारी संध्याकाळी येतो म्हणालेत. जुन्नरचे आकडे वाचून दाखवले तेव्हा शांतता झाली, पण लोक खरे वळले ते अकरा मिनिटांच्या गोष्टीने, पार्सलची पिशवी, मग कुत्री, मग बिबट्या. एक काका उठून म्हणाले की तो ड्रम माझ्याच विंगचा आहे. झाकणाचे ड्रम मंजूर, भिंत मंजूर. लाइट सहाचे दोन झाले, आतल्या बाजूला, सेन्सरचे. पाड्यावरच्या दादांचं काजव्यांचं मी त्यांच्याच शब्दांत वाचलं, पाड्यांबद्दलचंही वाचलं, त्यावर दोघं-तिघं बोलले ते मला आवडलं नाही आणि मी तिथे उत्तर दिलं.

वृक्षारोपणाचं मात्र अडलंय. सेक्रेटरींनी कंपनीला शब्द दिलाय, बॅनर छापून झालाय. हद्दीची परवानगी नाही हे मी सांगितलं तर म्हणतात की निम्मा उतार महसूल खात्याचा आहे, तिथे चालतं. काल संध्याकाळी खिडकीतून बघते तर दोन माणसं उतारावर चुन्याने खड्ड्यांच्या खुणा मारत होती, ओळीने, सुगरणीच्या झाडाच्या अगदी खालपर्यंत. त्या झाडाला मागच्या वर्षीची अकरा जुनी घरटी अजून लटकतायत, मुलीने मोजली.

काटेसावर मॅडम, गुरुवारी तुम्ही येऊ शकाल का? आरएफओंच्या समोर तो उतार कुणीतरी समजावून सांगायला हवा आणि मला त्यातल्या गवताची नावंही येत नाहीत.

काटेसावर

येते. चारला येते, उजेड असताना आपण आधी उतारावर जाऊन येऊ. मुलीलाही घ्या बरोबर, आणि खुणांचे फोटो आज काढून ठेवा.